तिसरे क्षितिज

विमान शिकायला गेलेल्या मुलीचा पहिला धडा एका फिरत्या खुर्चीवर झाला, हे मी घरी सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता. बारामतीच्या आमच्या वर्गात कार्यालयांत असते तशीच एक खुर्ची होती आणि तिचे एक चाक सतत कुरकुरत असे. प्रशिक्षकांनी माझ्याच ओढणीने माझे डोळे घट्ट बांधले, मला खुर्चीत बसवून दोन्ही अंगठे वर धरायला सांगितले आणि ज्या दिशेने आपण फिरत आहोत असे वाटेल त्या दिशेला अंगठे वळवण्याची सूचना देऊन खुर्ची एकसारख्या गतीने फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला माझे अंगठे बरोबर डावीकडे गेले. अर्ध्या मिनिटाने खुर्ची थांबली अशी माझी खात्री झाली, म्हणून मी अंगठे सरळ केले, तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण खुर्ची आधीच्याच गतीने फिरत होती. मग त्यांनी ती हळूच थांबवली आणि मी पूर्ण आत्मविश्वासाने अंगठे उजवीकडे वळवून सांगितले की, सरांनी खुर्ची उलटी फिरवली. ओढणी सोडल्यावर खुर्ची जागच्या जागी होती आणि समोरच्या भिंतीवरचे घड्याळ मात्र एका बाजूला सरकत चालले होते.

कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव गतीतील बदल टिपतो, एकसारखी गती टिपत नाही, हे त्या दिवशी फळ्यावर लिहून मिळाले. वळण संथपणे सुरू झाले तर त्या नलिकांना पत्ताच लागत नाही, आणि वळण बराच वेळ टिकले तर ते संपल्यासारखे वाटते. तोल सांभाळणारा कानातला दुसरा अवयव गुरुत्वाकर्षण आणि विमानाचा वेग वाढताना पाठीला बसणारा रेटा यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे अंधारात उड्डाण करताना नुसता वेग वाढला तरी नाक वर उचलले गेल्याचा भास होतो आणि ते खाली दाबण्याची अनावर इच्छा होते. बाहेर क्षितिज दिसत असेपर्यंत डोळे या सगळ्या चुका निमूटपणे दुरुस्त करतात. ढगात शिरल्यावर ती दुरुस्ती बंद पडते.

त्यानंतर काही महिन्यांनी सेसना १७२ मध्ये माझ्या डोक्यावर हुड चढले. हे हुड म्हणजे टोपीच्या पुढच्या फडीला लांबवून केलेले झापड असते, त्यातून फक्त समोरची उपकरणे दिसतात. त्या विमानात जुन्या पद्धतीचे कृत्रिम क्षितिज होते. इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप हवा खेचतो, त्या हवेच्या झोताने एक लहानसे चक्र मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत राहते, आणि फिरणारे चक्र आपली दिशा सोडत नाही या एकाच गुणावर ते उपकरण विमानाचा कल दाखवते. याच तत्त्वावरचे स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज वापरून अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर अजिबात न पाहता, उड्डाण करून विमान पुन्हा उतरवले होते. माझी कामगिरी तितकी थोर नव्हती. वळण संपवून पंख समतल केल्यावर माझे सगळे शरीर सांगत होते की विमान उजवीकडे कलंडले आहे, आणि उपकरणावर विश्वास ठेवून मी हात आवरले तरी धड मात्र डावीकडे झुकून बसले होते. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांना ती माझी वाकडी बैठक दिसत होती. ते एवढेच म्हणाले, "मान सरळ कर, विमान सरळच आहे."

पुढच्या उड्डाणात त्यांनी खिशातून रबराची एक चकती काढली आणि त्याच कृत्रिम क्षितिजाच्या काचेवर चिकटवून टाकली. शरीरावर विश्वास ठेवायचा नाही, उपकरणावर ठेवायचा, एवढे कुठे अंगवळणी पडत होते, तोवर उपकरणच काढून घेतले गेले. व्हॅक्यूम पंप बंद पडला तर चक्र एकदम थांबत नाही, ते मंदावत जाते आणि क्षितिज हळूहळू, अगदी पटण्याजोग्या रीतीने आडवे पडू लागते, म्हणूनच हा सराव करून घेतात. पंख समतल आहेत की नाहीत हे मग विजेवर चालणाऱ्या वळणदर्शकावरून आणि होकायंत्रावरून ताडायचे असते. दिशा बदलत नसेल तर, ढोबळमानाने, विमान कललेले नाही. हे वाक्य मी वहीत लिहिले, परीक्षेत उत्तर म्हणून दिले आणि विसरून गेले.

आमच्या घरी 'ॲटिट्यूड' हा शब्द शेजारच्या एका मुलाबद्दल वापरला जाई आणि त्याचा अर्थ चांगला नसे. वैमानिकाच्या भाषेत ॲटिट्यूड म्हणजे विमानाचा क्षितिजाशी असलेला कोन, एवढेच. नाक किती वर किंवा खाली आहे तो पिच आणि पंख किती कलले आहेत तो बँक. विमान नेमके कुठे चालले आहे हे त्यातून कळत नाही. उतरताना माझ्या एअरबसचे नाक क्षितिजाच्या किंचित वर असते आणि विमान मात्र तीन अंशांनी खाली उतरत असते. तो मार्ग दाखवणारे वेगळे चिन्ह पडद्यावर आणता येते, त्याला आम्ही 'बर्ड' म्हणतो. नवख्या माणसाची या दोहोंत गल्लत होतेच.

दुसरी गल्लत अधिक घातक आहे. विमान उजवीकडे कलले की पडद्यावरची क्षितिजरेषा डाव्या बाजूने खाली झुकते, कारण ते दृश्य विमानाच्या आतून पाहिलेले असते: विमानाचे पिवळे चिन्ह स्थिर आणि जग हलते. सोव्हिएत पद्धतीच्या उपकरणांत याच्या उलट होते, तिथे कलण्यासाठी विमानाचे चिन्ह हलते. १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियात पेर्म येथे एरोफ्लोतचे बोइंग ७३७ रात्री ढगात उतरताना कोसळून ८८ जण गेले, तेव्हा चौकशीत पुढे आलेल्या मुद्द्यांत हाही एक होता की कप्तानाचा पूर्वीचा अनुभव दुसऱ्या पद्धतीच्या क्षितिजाचा होता. आधी मला हे स्पष्टीकरण ओढूनताणून आणलेले वाटे. मग सिम्युलेटरच्या पहिल्या आठवड्यात घाईच्या क्षणी मी स्वतः दोनदा झुकलेल्या रेषेला 'उचलण्यासाठी' साइडस्टिक, म्हणजे विमान कलवण्याचा हाताशेजारचा दांडा, चुकीच्या बाजूला नेली आणि माझे मत बदलले.

ए३२० या एअरबसचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण आणि परवानगी, दिल्लीजवळच्या एका सिम्युलेटर केंद्रात झाले. सिम्युलेटर चोवीस तास चालू असतो आणि नवशिक्यांच्या वाट्याला बहुधा रात्रीची वेळ येते, त्यामुळे पहाटे दोनला चहा पिऊन कॉकपिटमध्ये शिरायची सवय लागली. तिथे पहिल्यांदा लक्षात आले की या विमानात क्षितिज आधी जन्माला घालावे लागते. डोक्यावरच्या पॅनेलवरची तीन बटणे फिरवून तीन ॲडिरू, म्हणजे विमानाचा कल, दिशा आणि वेग मोजणारे संच, चालू करेपर्यंत माझ्यासमोरच्या मुख्य पडद्यावर, म्हणजे पीएफडीवर, निळे आकाशही नसते आणि तपकिरी जमीनही नसते, असते ती फक्त लाल अक्षरांतली ॲटिट्यूड नसल्याची खूण. थोड्याच वेळात क्षितिज उमटते, पण पूर्ण तयारीला काही मिनिटे लागतात आणि तोवर विमान हलता कामा नये. 'खाली' कोणती दिशा हे तो संच गुरुत्वाकर्षणावरून ठरवतो आणि उत्तर कुठे हे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यावरून, जे तासाला पंधरा अंश इतके संथ असते. पृथ्वीचे फिरणे मोजणाऱ्या यंत्रासमोर आपण उगाच घाई करू नये, असे माझे मत झाले.

आत फिरणारे चक्र नसते. प्रत्येक संचात तीन लेसर जायरो, म्हणजे वळणे मोजणारी साधने, आणि तीन त्वरणमापक असतात. एका बंद वाटेवर लेसरचे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी धावतात. विमान वळले की एका किरणाची वाट किंचित लांबते आणि दुसऱ्याची आखूड होते, आणि त्या सूक्ष्म फरकावरून वळण्याचा वेग निघतो. झिजायला काही नाही, मंदावायला काही नाही. बारामतीच्या व्हॅक्यूम पंपानंतर हे मला इतके निर्दोष वाटले की मी पडद्याकडे खिडकीकडे पाहावे तशी पाहू लागले. हीच माझी चूक होती, कारण पडदा म्हणजे खिडकी नव्हे. त्यावरचे आकाश एका डब्याने पाठवलेल्या आकड्यांवरून रंगवलेले असते. कप्तानाच्या पडद्याला पहिला ॲडिरू माहिती पुरवतो, उजवीकडच्या सहवैमानिकाला, म्हणजे मला, दुसरा, आणि तिसरा राखीव असतो. मधल्या पॅनेलवर तळहाताएवढ्या पडद्याचे आयसिस नावाचे राखीव उपकरण असते. त्याचे जायरो त्याच्याच पोटात असतात आणि विजेचे इतर मार्ग गेले तरी ते बॅटरीवर चालते. म्हणजे डोळ्यांना दिसणारी क्षितिजे तीन आणि त्यांच्यामागचे स्रोत चार.

पाचव्या का सहाव्या सत्रात सिम्युलेटरच्या सरांनी मुंबईची रात्र लावली. सर मूळचे नागपूरचे, निवृत्तीच्या वयाचे कप्तान होते आणि बिघाड टाकताना त्यांच्या आवाजात काडीचाही फरक पडत नसे. धावपट्टी २७, चंद्र नाही, फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शक रेषा) बंद, ऑटोपायलट बंद, हाताने सरळ समोर चढायचे. विमान उचलून नाक पंधरा अंशांवर आणले, किनाऱ्यावरचे दिवे पोटाखाली गेले आणि समोर काहीच उरले नाही. समुद्र आणि आकाश यांच्यातली शिवण तिथे दिसतच नाही.

थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर विमान किंचित उजवीकडे कललेले दिसले. मी साइडस्टिक डावीकडे अंमळ दाबून क्षितिज सरळ केले. पुन्हा तेच झाले, पुन्हा सरळ केले. या विमानात स्टिक सोडली की ते आहे त्या कलावर राहते, म्हणून ते सारखे उजवीकडे का जाते याचे मला आश्चर्य वाटायला हवे होते, पण मी वारा असेल असे मनाशी म्हटले, जे आता लिहितानाही लाजिरवाणे वाटते. सिम्युलेटरला हलवणाऱ्या सहा पायांनी मला काहीच सांगितले नाही आणि इतक्या संथ कलण्यात खऱ्या विमानानेही सांगितले नसते. मग पडद्यावर पिवळसर अक्षरांत 'चेक ॲट' उमटले. दोन्ही पीएफडींच्या कलांत पाच अंशांचा फरक पडला की ही सूचना येते. डाव्या आसनावरच्या माझ्या जोडीदाराने ती मोठ्याने वाचली. मी म्हणाले, "माझे सरळ आहे." तो म्हणाला, "माझे डावीकडे बारा अंश आहे." आणि आम्ही दोघेही, आपापल्या पडद्याकडे पाहत, काही सेकंद गप्प बसलो.

तेवढ्यात सरांनी सिम्युलेटर जागीच थांबवला. क्षितिजे, वेग, उंची, सगळे गोठले. ते मागच्या खुर्चीवरून पुढे झुकले आणि माझ्या पडद्याच्या तळाशी असलेल्या दिशापट्टीवर, म्हणजे हेडिंगवर, त्यांनी पेन्सिलचे टोक टेकवले. निघालो तेव्हा तिथे २७० च्या आसपासचा आकडा होता, आता २५८ होता. ती पट्टी माझ्या डोळ्यांदेखत सरकत होती. "पंख सरळ असताना विमान वळतंय होय गं?" एवढेच त्यांनी विचारले. मला रबराची चकती आठवली आणि वहीतले ते वाक्यही.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. विमानाचे उड्डाण-संगणक तिन्ही ॲडिरूंची सतत तुलना करत असतात आणि एक भरकटला की त्याला बाजूला सारतात. त्यांनी दुसऱ्या संचाला केव्हाच वगळले होते. त्याच्या माहितीवर रंगवलेले आकाश मात्र माझ्यासमोर तसेच होते, कारण माझ्या पडद्याला तोच स्रोत नेमून दिला होता. विमानाला ठाऊक होते आणि ते उडवणाऱ्या मला नव्हते.

थांबवलेल्या त्या कॉकपिटमध्ये, बाहेर तोच काळा समुद्र असताना, सरांनी १ जानेवारी १९७८ ची गोष्ट सांगितली. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ त्या संध्याकाळी सांताक्रूझहून दुबईला निघाले. उजवे वळण घेतल्यानंतर कप्तानांसमोरचे ॲटिट्यूड उपकरण उजवीकडे कललेल्या स्थितीतच अडकले. विमान समतल झाले तरी उपकरण उजवीकडेच दाखवत राहिले, म्हणून कप्तान ते डावीकडे वळवत राहिले. खाली अंधारा समुद्र, पडताळून पाहायला क्षितिज नाही. फ्लाइट इंजिनिअरने राखीव क्षितिजाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला होता, पण विमान तोवर नव्वद अंशांच्याही पुढे डावीकडे कलंडले होते. ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि आतील सर्व २१३ माणसे गेली. उड्डाणापासून दोन मिनिटेही झाली नव्हती. मी वांद्र्याच्या बॅंडस्टँडवर कितीतरी संध्याकाळी भेळ खात बसले आहे, पण समोरच्या त्या पाण्याशी माझ्या व्यवसायाचा असा काही संबंध असेल हे मला माहीत नव्हते.

लेसर जायरो आले म्हणून हा प्रकार इतिहासजमा झाला असे नाही, हे त्यांनी लगेच जोडले. ८ जानेवारी २०१६ रोजी स्वीडनच्या उत्तर भागात, टपाल घेऊन जाणारे एक सीआरजे २०० विमान अमावास्येजवळच्या रात्री पडले. त्यात दोघे वैमानिक होते. कप्तानाच्या पडद्याने नाक उंच उचलले गेल्याचे खोटेच दाखवले आणि त्याने ते खाली दाबले. विमान विचित्र स्थितीत असले की वैमानिकाचा गोंधळ होऊ नये म्हणून पडद्यावरची अनावश्यक चिन्हे आपोआप नाहीशी होतात. ती सोय तिथे उलटली, कारण दोन्ही बाजू जुळत नसल्याची सूचनाही त्याबरोबर पडद्यावरून गेली. आमच्या पडद्यावरही कल पंचेचाळीस अंशांपुढे गेला की बरेच काही पुसले जाते, आणि नाक तीस अंशांपलीकडे गेले की क्षितिज कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारे मोठे लाल बाण येतात. ते बाणही त्याच स्रोतावरून काढलेले असतात. खोट्या पडद्यावर बाणही खोटाच असतो.

तोच प्रसंग दुसऱ्यांदा घेतला तेव्हा मी दिशापट्टी सोडली नाही. सूचना येण्याआधीच मला ती सरकताना दिसली, मी आयसिसकडे पाहिले, मग मान वळवून जोडीदाराच्या पडद्याकडे पाहिले. ती दोन्ही जुळत होती, माझे वेगळे होते. नियंत्रण त्याच्याकडे दिले. मग मधल्या पॅनेलवरची ॲटिट्यूडची निवड-कळ 'एफओ ऑन थ्री' वर फिरवली. पडदा क्षणभर चमकला आणि माझे क्षितिज डावीकडे उडी मारून खरे झाले. ही कळ मला फार आवडते. ती एकच आहे आणि तिला तीनच जागा आहेत: कप्तानाला तिसरा, नेहमीचे आणि सहवैमानिकाला तिसरा. दोघांनाही एकाच वेळी तिसरा संच घेता येत नाही, त्यामुळे दोन्ही पडदे एकाच डब्यावर अवलंबून राहून खोटेपणात एकमेकांशी सहमत होतील अशी वेळ ती येऊच देत नाही. ज्याने हे आखले त्याला माणसांच्या बैठकांचाही अनुभव असावा.

दुसऱ्या रात्री मी जरा ताठ्यातच आत शिरले. तीच मुंबई, तीच धावपट्टी, तोच अंधार. चढताना दर काही सेकंदांनी माझी नजर आयसिसकडे जात होती, आणि साधारण चार हजार फुटांवर ते उजवीकडे झुकलेले दिसले. माझा हात स्टिकवर घट्ट झाला. राखीव क्षितिज खरे, हा आदल्या रात्रीचा धडा ताजा होता आणि सम्राट अशोकची गोष्टही. "माझे चुकीचे आहे, तू घे," असे म्हणायला मी तोंड उघडले आणि नियंत्रण देण्याआधी, केवळ सवय म्हणून, दिशापट्टी पाहिली. आकडा हलला नव्हता. जोडीदाराचा पडदा पाहिला, तो माझ्याशी जुळत होता. 'चेक ॲट' ही सूचना आली नव्हती आणि येणारही नव्हती, कारण ती दोन पीएफडींची तुलना करते, आयसिसला त्या तुलनेत स्थान नाही.

"आयसिस चुकतंय," मी म्हणाले. मागून काही उत्तर आले नाही. जोडीदाराने आयसिसच्या खराब झालेल्या क्षितिजाची नोंद केली, आम्ही तसेच दहा हजार फुटांपर्यंत चढलो आणि सरांनी दिवे लावले. त्यांनी प्रशिक्षणाच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे धरला. शेऱ्याच्या रकान्यात एवढेच होते: बोलण्याआधी हेडिंग पाहिले.